दुसऱ्यांच्या वस्तू ऑनलाइन विकून देण्याचा व्यवसाय: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

पुणे, ठाणे, डोंबिवली, मुंबईची उपनगरे, जिकडे पाहावे तिकडे जुन्या इमारतींचा पुनर्विकास सुरू आहे. तीस-चाळीस वर्षांचा संसार खोक्यांत भरून भाड्याच्या घरात जायचे, म्हणजे माळ्यावरची पितळी पातेली, ट्रंकेतल्या पैठण्या, वडिलांचा कॅमेरा, कोणीही वाजवत नसलेली पेटी यांचे करायचे काय, हा प्रश्न घरोघरी उभा राहतो. मुले परदेशी असतात आणि ज्येष्ठांना फोटो काढणे, अनोळखी गिऱ्हाइकांशी घासाघीस करणे, पार्सल पाठवणे जमत नाही. त्यांच्यासाठी हे सगळे आपण करायचे, वस्तू विकली गेली की ठरलेले कमिशन घ्यायचे आणि उरलेली रक्कम मालकाला द्यायची, असा हा व्यवसाय आहे. मी तो पुण्यात करतो.

माल आपण विकत घेत नसल्यामुळे भांडवल फारसे लागत नाही, आणि म्हणूनच अनेकांना हे काम सोपे वाटते. प्रत्यक्षात मात्र दुसऱ्याची वस्तू आणि दुसऱ्याचा पैसा सतत तुमच्या ताब्यात असतो. फोटो आणि जाहिरात कोणीही महिनाभरात शिकतो. व्यवसाय टिकतो तो कागदपत्रे आणि हिशेब यांवर. त्यामुळे पुढील बहुतेक पायऱ्या त्यासंबंधी आहेत.

१. एकच क्षेत्र निवडा

सुरुवातीला मिळेल ती वस्तू घेण्याचा मोह होतो. तो टाळावा. ज्या वस्तूतले खरे-खोटे तुम्हाला स्वतःला कळते, तिथूनच सुरुवात करावी. साड्या, तांब्या-पितळेची भांडी, जुने कॅमेरे, वाद्ये आणि मराठी पुस्तके अशी काही क्षेत्रे नवख्यांना जमण्यासारखी आहेत. लाकडी फर्निचर जागा खाते आणि त्याची वाहतूक महाग पडते, म्हणून ते मालकाच्या घरीच ठेवून तिथूनच विकावे.

सोने-चांदीचे दागिने पहिल्या वर्षी अजिबात घेऊ नयेत. त्यांची शुद्धता, वजन, सुरक्षितता आणि चोरीच्या मालाचा धोका पाहता, नवख्या माणसाने कमिशनच्या आशेने पत्करावी अशी ती जबाबदारी नव्हे.

२. नोंदणी आणि बँक खाती

सुरुवातीला पुढील कागदपत्रे जवळ असावीत:

- पॅन आणि आधार
- शॉप अ‍ॅक्टची पावती. मुंबईत यालाच गुमास्ता म्हणतात. महाराष्ट्रातील २०१७ च्या कायद्यानुसार कामगार मोजकेच असतील तर पूर्ण नोंदणी करावी लागत नाही. ऑनलाइन सूचना देऊन पावती घेणे पुरते.
- उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद. सरकारी संकेतस्थळावर ती विनामूल्य होते, त्यामुळे शुल्क मागणाऱ्या मिळत्याजुळत्या नावांच्या संकेतस्थळांपासून सावध राहावे.
- व्यवसायाच्या नावाने चालू खाते
- जागेचा पुरावा, आणि घरातूनच काम करणार असाल तर सोसायटीची लेखी संमती

शक्य असल्यास आणखी एक बँक खाते उघडा. गिऱ्हाइकांकडून आलेली रक्कम आधी त्या खात्यात जमा करावी, मालकाचा वाटा तिथूनच चुकता करावा आणि फक्त स्वतःचे कमिशन चालू खात्यात वळते करावे. ही एक सवय लावून घेतली तर महिनाअखेरीस कोणाचे किती देणे आहे, हे कधीही शोधत बसावे लागत नाही.

जीएसटीचा भाग नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण नवखे लोक इथेच सर्वाधिक गोंधळतात. बिल कोणाच्या नावाने निघते, यावर सर्व अवलंबून आहे. विक्री मालकाच्या नावाने झाली आणि तुम्ही केवळ मध्यस्थ राहिलात, तर तुमचे उत्पन्न म्हणजे फक्त कमिशन. ती सेवा ठरते आणि नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला २० लाख रुपये आहे. नोंदणी झाली की कमिशनवर १८ टक्के कर लागतो. याउलट तुम्ही स्वतःच्या नावाने बिल केले, तर कायद्याच्या दृष्टीने तुम्ही मालाचा पुरवठा करणारे होता, आणि असा माल परराज्यात पाठवला तर उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी बंधनकारक ठरते. बंगळुरूच्या गिऱ्हाइकाला हौसेने स्वतःच्या नावाचे बिल देणाऱ्यांच्या हे लक्षातही येत नाही. पहिल्या विक्रीपूर्वी सीएला तासाभराची फी देऊन बिलाचा नमुना त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावा.

३. ज्या वस्तू घ्यायच्याच नाहीत

जुन्या घरांतून अशा काही वस्तू निघतात, ज्या विकणे हा गुन्हा असतो, आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. ‘आजोबांच्या काळापासून भिंतीवर आहे’ या वाक्याने कायदा बदलत नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार हस्तिदंताच्या वस्तू, वाघनख, सांबरशिंगे, कासवाची पाठ आणि शहातूशची शाल यांचा व्यापार करता येत नाही. अनेक घरांत दृष्ट लागू नये म्हणून चौकटीत घालून लावलेले ‘इंद्रजाल’ ही समुद्रातील संरक्षित प्रजाती आहे; तेही घेऊ नये आणि त्याचा फोटोसुद्धा जाहिरातीत येऊ देऊ नये.

दुसरा कायदा पुरावस्तूंचा, तोही १९७२ चाच. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, चित्रे, नाणी यांसारख्या वस्तू आणि ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेली पंचाहत्तर वर्षांहून जुनी हस्तलिखिते पुरावस्तू ठरतात. त्यांच्या व्यापारासाठी परवाना लागतो, आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. घरात हस्तलिखित पोथ्या निघाल्या तर मी मालकांना भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत किंवा भारत इतिहास संशोधक मंडळात विचारणा करायला सुचवतो. तिथे त्यांचे मोल जाणणारी माणसे आहेत, आणि असे कागद विकण्यापेक्षा तिथे पोहोचणे मला अधिक योग्य वाटते.

तलवारी, दांडपट्टे, जुन्या बंदुका यांना हात लावू नये. मालकाला पोलीस ठाण्यात चौकशी करायला सांगावे. जुने मोबाइल घेणार असाल तर आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा ओळख क्रमांक) तपासल्याशिवाय घेऊ नका. ‘केवायएम’ ही इंग्रजी अक्षरे, पुढे जागा सोडून तो पंधरा अंकी क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठवला की फोन काळ्या यादीत आहे की नाही ते कळते.

४. वस्तू खरोखर कोणाची?

वस्तू घेऊन आलेला माणूस आणि वस्तूचा मालक एकच असेल असे नाही. आई गेल्यानंतर तिच्या साड्या थोरला मुलगा आणून देतो, आणि दोन आठवड्यांनी धाकट्या बहिणीचा फोन येतो की ती जांभळी पैठणी मला द्यायची ठरली होती. तोपर्यंत साडी नागपूरला पोहोचलेली असते. वारसांच्या वस्तू असतील तर सर्व वारसांची लेखी संमती घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर प्रत्येकाने स्वतंत्रपणे पाठवलेला होकारही नसण्यापेक्षा बरा, मात्र तो जपून ठेवा.

ओळखपत्राची प्रत घ्या, आणि वस्तू माझ्या मालकीची असून तिच्यावर कोणाचा हक्क किंवा कर्ज नाही, असे निवेदन सही करून घ्या. ओळखीच्या माणसाकडून हे मागताना संकोच वाटतो, हे मला ठाऊक आहे. तरीही मागावे. चोरीचा माल जाणूनबुजून किंवा तशी शंका घ्यायला सबळ कारण असताना स्वीकारणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि तुम्ही वेळीच चौकशी केली होती हे दाखवणारा पुरावा म्हणजे हेच कागद.

मालक अनिवासी भारतीय असेल तर पैसे कोणत्या खात्यात द्यायचे, हे आधी ठरवा. साधारणपणे त्यांच्या भारतातील एनआरओ (अनिवासींच्या भारतातल्या मिळकतीसाठीच्या) खात्यात रक्कम जमा करणे योग्य ठरते. भारतातल्या एखाद्या चुलतभावाच्या खात्यात ‘तूर्तास’ पैसे टाकण्याची विनंती लेखी असल्याशिवाय मान्य करू नये.

५. करारपत्र

दोन पानांचा मराठी करार पुरेसा असतो. तो मालकाला शांतपणे वाचता आला पाहिजे. सोबत वस्तूंची यादी जोडावी आणि प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यावा. करारात पुढील मुद्दे असलेच पाहिजेत:

- वस्तूचे वर्णन, आणि ताब्यात घेताना असलेले दोष
- अपेक्षित किंमत, आणि जिच्या खाली विकायचे नाही ती किमान किंमत
- कमिशनचा दर, आणि धुलाई, दुरुस्ती, कल्हई यांचा खर्च कोणी करायचा
- विक्रीची मुदत, आणि मुदतीनंतर किंमत किती उतरवायची
- पैसे किती दिवसांत द्यायचे
- वस्तू हरवली किंवा खराब झाली तर भरपाई किती
- न विकलेली वस्तू मालकाने किती दिवसांत परत न्यायची

कमिशनचा दर सरसकट एकच ठेवू नये. हजार रुपयांच्या पितळी डब्यालाही फोटो, संदेश आणि पॅकिंग यांचे तेवढेच श्रम पडतात जेवढे बारा हजारांच्या साडीला. मी दोन हजारांपर्यंत ४० टक्के, त्यापुढे दहा हजारांपर्यंत ३० टक्के आणि त्याहून महाग वस्तूंना २५ टक्के घेतो. उदाहरणार्थ, साडी १२,००० रुपयांना गेली, कमिशन ३,००० आणि ड्रायक्लीनिंगचे ४०० वजा झाले, तर मालकाच्या हातात ८,६०० रुपये पडतात. करार करतानाच असा एक हिशेब कागदावर मांडून दाखवा. मालकाच्या मनात बहुतेक वेळा विक्रीचा आकडा राहतो, हातात पडणारा नाही, आणि नंतरच्या निम्म्या कुरबुरी यातूनच निर्माण होतात.

करार कायदा, १८७२ च्या कलम १५१ नुसार, ताब्यात दिलेल्या वस्तूची काळजी सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी घेणे तुमच्यावर बंधनकारक आहे, आणि मागणी होताच हिशेब देणे हे कलम २१३ नुसार मध्यस्थाचे कर्तव्य आहे. मालकाचे पैसे आपल्या खर्चाला वापरणे हा केवळ दिवाणी वाद राहत नाही. त्यातून फौजदारी न्यासभंगाची (विश्वासाने सोपवलेल्या मालाच्या अपहाराची) तक्रार होऊ शकते. घराचा विमा व्यवसायासाठी ठेवलेल्या दुसऱ्यांच्या मालाला लागू होईलच असे नाही, म्हणून विमा कंपनीला लेखी विचारून घ्यावे.

६. तपासणी आणि साठवण

वस्तू मालकासमोरच उघडून तपासावी. पैठणीचे उदाहरण घेतो, कारण सर्वाधिक वाद तिच्यावरूनच होतात.

साडी पूर्ण उलगडून प्रथम पदराची उलटी बाजू पाहा. हातमागावरच्या पैठणीत मुनिया, मोर, कमळ ही नक्षी धाग्यात धागा गुंतवून विणलेली असते, त्यामुळे ती दोन्ही बाजूंनी जवळपास सारखीच दिसते. यंत्रमागाच्या साडीला मागच्या बाजूने सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. त्यानंतर साडी खिडकीसमोर धरून घड्यांच्या रेषा पाहा. वर्षानुवर्षे एकाच घडीत ठेवलेले रेशीम त्या रेषेवर विरते, आणि वरून अखंड वाटणारी साडी उजेडात धरली की तिथे बारीक आडव्या फटी दिसू लागतात. अशी साडी नेसण्यासाठी म्हणून विकू नये. ड्रेस, ओढणी किंवा जतनासाठी म्हणून स्पष्ट सांगून विकावी. जरीचे धागे काळवंडले असतील तर ते घासून उजळण्याचा प्रयत्न करू नये.

जरीचे काम खरे आहे असे मालक म्हणतात म्हणून तुम्ही तसे लिहू नका. जाणकाराकडून तपासून घ्या, आणि ते शक्य नसेल तर ‘जर तपासलेली नाही’ असे जाहिरातीत नमूद करा. काही जुन्या साड्यांच्या जरीतील चांदीचीच किंमत साडीपेक्षा जास्त येते. तशी शक्यता दिसली तर मालकाला सांगणे हे तुमचे काम आहे, भले त्यात तुमचे कमिशन गेले तरी.

कॅमेऱ्याच्या भिंगात टॉर्चचा झोत तिरका टाकून पाहावा. आपल्याकडच्या पावसाळ्यात भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. जुन्या एचएमटी घड्याळांच्या तबकड्या अनेकदा पुन्हा रंगवलेल्या असतात, म्हणून अक्षरांची ठेवण मूळ फोटोंशी ताडून पाहावी. पितळेची, तांब्याची भांडी चिंचेने लखलखीत घासण्याची घाई करू नये, कारण संग्राहकांना जुना रंगच हवा असतो. भांड्यावर लग्नाची तारीख आणि नाव ठोकलेले असते. ते नाव फोटोत दिसलेले चालेल का, हे घरच्यांना विचारावे.

साड्या सुती कापडात, कोरड्या जागी ठेवाव्यात. प्लास्टिकच्या पिशव्या आणि जरीला लागून ठेवलेल्या डांबरगोळ्या, दोन्ही टाळाव्यात.

७. किंमत ठरवणे

ओएलएक्सवर किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर दिसते ती मागितलेली किंमत असते. त्या किमतीला वस्तू गेली असे त्यातून सिद्ध होत नाही. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तूंच्या किमती वेगळ्या गाळून पाहता येतात. कॅमेरे आणि घड्याळे यांना त्याचा उपयोग होतो. साड्या आणि भांडी यांच्यासाठी स्वतःच्या विक्रीची नोंद हाच कालांतराने सर्वांत भरवशाचा आधार ठरतो.

मालकाच्या मनातली किंमत वेगळी असते. तिच्यात आठवणी असतात, आणि त्या खऱ्या असतात. वाद घालू नये. तीन मिळत्याजुळत्या वस्तूंचे दर दाखवावेत, किमान किंमत त्यांनाच सांगू द्यावी, आणि ती बाजारापासून फार दूर असेल तर वस्तू नम्रपणे परत करावी. न विकणारी वस्तू सहा महिने सांभाळण्यापेक्षा पहिल्या दिवशी दिलेला नकार दोघांच्याही हिताचा असतो.

८. फोटो आणि वर्णन

सकाळच्या मऊ उजेडात, खिडकीजवळ, साध्या पार्श्वभूमीवर फोटो काढावेत. फ्लॅशमध्ये जर पांढरी दिसते आणि रेशमाचा रंग बदलतो, ज्यावरून पुढे वस्तू परत येते. दोषांचे फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून काढावेत आणि ते पहिल्या चार-पाच फोटोंतच असावेत.

वर्णनात माप, वजन, दोष आणि परतीच्या अटी लिहाव्यात. नियमितपणे ऑनलाइन विक्री करणाऱ्याला ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० लागू होतात. त्यामुळे इन्स्टाग्रामवर विकत असलात तरी व्यवसायाचे नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार कोणाकडे करायची, हे गिऱ्हाइकाला सहज दिसले पाहिजे.

९. पैसे घेणे

पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय वस्तू हलवू नये. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे. स्वतःच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये जमा दिसली पाहिजे. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही. ‘मी लष्करात आहे, हा क्यूआर कोड स्कॅन करा म्हणजे पैसे येतील’ असे सांगणारा माणूस फसवणूकच करतो आहे. फसवणूक झालीच तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता अधिक असते.

१०. पॅकिंग आणि पाठवणी

बहुतेक कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन यांपैकी जे जास्त असेल त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये गुणून साधारणपणे ५,००० ने भागतात. पेटीचे खोके ६५ बाय ४० बाय ३५ चे झाले तर वजन १८.२ किलो धरले जाते, पेटी प्रत्यक्षात १० किलोची असली तरी. म्हणून किंमत सांगण्यापूर्वीच खोक्याचे माप घ्यावे.

विमा न काढलेले पार्सल हरवल्यास कुरिअरची भरपाई नाममात्र असते. महाग वस्तूंचा विमा काढावा आणि त्याचा खर्च गिऱ्हाइकाला आधी सांगावा. पॅकिंग करतानाचा अखंड व्हिडिओ ठेवावा, ज्यात वस्तू, तिचा क्रमांक आणि पार्सलवरचा पत्ता एकापाठोपाठ दिसेल. गिऱ्हाइकालाही पार्सल उघडताना व्हिडिओ काढायला सांगावे.

११. हिशेब चुकता करणे

परतीची मुदत संपल्यावरच मालकाला पैसे द्यावेत. गिऱ्हाइकाला सात दिवस दिले असतील तर पार्सल पोहोचल्यापासून दहाव्या दिवशी, असे करारातच लिहावे. मालकाला पाठवायच्या पत्रकात वस्तूचा क्रमांक, विक्रीची तारीख, आलेली रक्कम, कमिशन, खर्चाच्या पावत्या आणि शिल्लक दाखवावी. रक्कम बँकेतूनच द्यावी.

घरगुती वापराच्या वस्तूंच्या विक्रीवर मालकाला सामान्यतः भांडवली नफ्याचा कर लागत नाही. मात्र दागिने, चित्रे आणि शिल्पे यांना ही सवलत नाही. चित्र विकून देत असाल तर हे मालकाला आधीच सांगा.

मुदत संपूनही न विकलेल्या वस्तूंसाठी लेखी आठवण पाठवा, आणि परत देताना यादीवर त्या-त्या क्रमांकासमोर मालकाची सही घ्या. मालकांनी ‘राहू द्या, टाकून द्या’ असे फोनवर सांगितले तरी ते वाक्य संदेशाने मागवून घ्या आणि वस्तू दान केली असेल तर कोणाला दिली, ते त्याच यादीत लिहून ठेवा.